पाणी कुठून शिरलं?

दिल्लीला समुद्र नाही. तरीही तटरक्षक दलाचं मुख्यालय तिथे आहे, जहाजांचे कायदे तिथे होतात, आणि बुडालेल्या गलबताच्या विम्याचं भांडण वाढत गेलं की तेही तिथल्याच राष्ट्रीय ग्राहक आयोगात किंवा सर्वोच्च न्यायालयात येऊन ठेपतं. कळीचा प्रश्न एकच: बंदर सोडताना गलबत समुद्रात जायच्या लायकीचं होतं का? ज्या लाकडानं याचं उत्तर द्यायचं, ते तळाशी गेलेलं असतं.

२ डिसेंबर २०२४ रोजी ‘अल पिरानपीर’ हे लाकडी मालवाहू गलबत पोरबंदरहून इराणच्या बंदर अब्बासकडे निघालं. ४ तारखेच्या सकाळी ते बुडालं. खवळलेला समुद्र आणि आत शिरलेलं पाणी, ही कारणं सांगितली गेली. छोट्या होडीत उतरलेल्या बाराही खलाशांना तटरक्षक दलाच्या ‘सार्थक’ जहाजानं वाचवलं, पाकिस्तानच्या सागरी यंत्रणेनंही शोधात मदत केली. त्याच महिन्यात मुंद्र्याहून सोकोत्रा बेटाकडे निघालेलं ‘ताज धारे हरम’ बुडालं, मे २०२५ मध्ये मंगळूरहून लक्षद्वीपला सिमेंट नेणारं ‘सलामत’. त्यांचेही खलाशी वाचले.

अशी गलबतं मांडवी, सलायाच्या किनाऱ्यावर अजून हातानं बांधतात. कागदोपत्री ती शिडाची, पण सगळी भिस्त डिझेल इंजिनावर. फळ्या भिडवून मधल्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासतात. लाकूड पाण्यात फुगतं आणि फट आवळली जाते. पुढे इंजिनाची थरथर, गंजलेले खिळे, लाटांचे तडाखे यांनी तो कापूस सुटू लागतो. थोडं पाणी झिरपतंच, पंप ते उपसतो. उपसा कमी पडला की पाणी इंजिनापर्यंत चढतं, इंजिन बंद पडतं आणि त्यावर चालणारा पंपही थांबतो. गलबत लाटेला आडवं होतं. वर जादा माल लादलेला असेल तर सावरायला अवधीच मिळत नाही. मला सर्वांत जास्त चीड येते ती या जादा मालाची. सुटलेला कापूस दिसत नाही. बुडालेली भाररेषा, म्हणजे गलबत किती खोल बुडू द्यायचं याची बाजूवरची खूण, धक्क्यावरच्या प्रत्येकाला दिसते.

१९६३ च्या सागरी विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार, ठरलेल्या सफरीतल्या नेहमीच्या संकटांना तोंड देण्याइतपत सक्षम असेल ते जहाज लायक. एका सफरीच्या विम्यात ही लायकी गृहीतच धरलेली असते. मुदतीच्या विम्यात तशी हमी नाही. पण दोष माहीत असूनही मालकानं जहाज धाडलं, तर त्या दोषापायी झालेल्या नुकसानीची भरपाई कंपनीवर बंधनकारक नाही. हे न्याय्यच आहे. पण हा निवाडा पैशाचा. तांडेल आणि खलाशी त्याआधीच पाण्यात पडलेले असतात.

२०२५ मध्ये संसदेनं १९५८ च्या कायद्याच्या जागी नवा व्यापारी जहाजवाहतूक कायदा आणला. तो राबवताना लाकडी गलबताची तपासणी माल चढल्यावर आणि दोर सुटण्याआधी, धक्क्यावरच व्हावी. भाररेषा पाण्याखाली दिसली तर माल उतरवल्याशिवाय गलबत सोडू नये, मालकाला कितीही घाई असो.