सीसीएमपी झालं म्हणजे एमबीबीएस झालं?

‘‘आता कायदाच झालाय ना! होमिओपॅथीवाले सगळी अ‍ॅलोपॅथी देऊ शकतात.’’ २०२५ च्या पावसाळ्यापासून हे वाक्य मी मेडिकलच्या काउंटरवर ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, आणि तापलेलं लेकरू मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या एका आईच्या तोंडूनही ऐकलं. पहिल्या दोन ठिकाणी गप्प बसता येतं. तिसऱ्या ठिकाणी बसवत नाही. कारण हे एक वाक्य तीन ठिकाणी चुकलेलं आहे: कायदा ‘आता’ झालेला नाही, तो ‘सगळ्या’ होमिओपॅथांसाठी नाही आणि तो ‘सगळी’ अ‍ॅलोपॅथी देत नाही.

आधी ‘आता’चं बघू. महाराष्ट्र विधिमंडळाने हा बदल केला २०१४ मध्ये. होमिओपॅथी व्यावसायिकांचा १९५९ चा कायदा आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा १९६५ चा कायदा, अशा दोन कायद्यांत एकदम दुरुस्ती झाली. नोंदणीकृत होमिओपॅथने आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, म्हणजेच सीसीएमपी, पूर्ण केला, तर घेतलेल्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत त्याला आधुनिक औषधं देता येतील, अशी वाट त्यातून काढली गेली. हा अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा. वर्ग आठवड्यातून दोन दिवस. इंडियन मेडिकल असोसिएशनने (आयएमए) या दुरुस्तीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि प्रकरण तिथे रेंगाळलं.

२०२५ मध्ये झाली ती अंमलबजावणीवरची रस्सीखेच. डिसेंबर २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने सीसीएमपीधारकांच्या चिठ्ठीवर औषधं द्यायला केमिस्टांना मुभा दिली. ३० जून २०२५ ला वैद्यकीय परिषदेने जाहीर केलं, की १५ जुलैपासून या डॉक्टरांची नोंदणी सुरू होईल. आयएमएने संपाची हाक दिली, सरकारने नोंदणी थांबवली, समिती नेमली. सप्टेंबरमध्ये सरकारने पुन्हा नोंदणी करायला सांगितलं आणि १८ सप्टेंबरला राज्यभरातल्या अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांनी एक दिवस काम बंद ठेवलं. २०१४ चा कायदा लोकांना ‘नवा’ वाटतो, त्याचं कारण हे.

आता ‘सगळे’. ज्या होमिओपॅथने सीसीएमपी केलेलं नाही, त्याच्यासाठी २०१४ च्या दुरुस्तीने काडीचाही फरक पडलेला नाही. तो काल अ‍ॅलोपॅथीची औषधं देऊ शकत नव्हता, आजही देऊ शकत नाही. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल आहे, आणि प्रकरण मुंबईचंच आहे. जुलै १९९२ मध्ये एका माणसाला ताप आला. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरने आधी विषाणूजन्य ताप आणि मग टायफॉइड समजून त्याला अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली. दहा दिवसांत तो माणूस गेला. त्याच्या पत्नीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक आयोगाने फेटाळली होती. ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि जिंकली. डॉक्टरचा बचाव काय होता? आमच्या अभ्यासक्रमातही शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र असतं, मी नर्सिंग होममध्ये काम केलेलं आहे. न्यायालयाने तो मानला नाही. ज्या पद्धतीत नोंदणी नाही त्या पद्धतीची औषधं देणं हाच निष्काळजीपणा ठरवला आणि तीन लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

जवळपास तीस वर्षं झाली या निकालाला. तरीही तोच बचाव आजही तसाच्या तसा ऐकू येतो: ‘‘आम्हीही साडेचार वर्षं आणि वर इंटर्नशिप करतो की!’’ करता, नक्कीच करता. बीएचएमएस ही कष्टाची पदवी आहे आणि ती मिळवणाऱ्याला शरीर कळतं, रोग कळतात. पण त्या वर्षांचा गाभा मटेरिया मेडिका, ऑर्गनॉन आणि रेपर्टरी हा असतो. एमबीबीएसचा विद्यार्थी औषधशास्त्र एका विषयात शिकतो आणि मग पुढची वर्षं वॉर्डात, खाटेशेजारी, वरिष्ठांच्या नजरेखाली ते औषध कुठे चालतं, कुठे अंगलट येतं, हे बघत राहतो. वर्षांचा आकडा सारखा असला म्हणून त्या वर्षांत शिकलेलं सारखं होत नाही.

आणि आता ‘सगळी अ‍ॅलोपॅथी’, जिथे माझा संयम खरोखर सुटतो.

एक चिठ्ठी डोळ्यांसमोर आणा. तालुक्याच्या गावात, ऑगस्टच्या शेवटी, तीन दिवसांच्या तापाला अशी चिठ्ठी हमखास मिळते: डेक्सामेथासोनचं इंजेक्शन, डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन, सेफिक्सिमच्या गोळ्या पाच दिवस, अ‍ॅसिडिटीची एक गोळी. पेशंट संध्याकाळी उठून बसतो. अंग दुखायचं थांबतं, ताप उतरतो, भूक लागते. ‘‘डॉक्टरच्या हाताला गुण आहे,’’ असं घरचे म्हणतात.

तो ताप डेंग्यूचा असेल तर? डेंग्यूमध्ये प्लेटलेट्स खाली येत असतात आणि डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं रक्तस्रावाचा धोका वाढवतात. म्हणूनच डेंग्यूची शंका असताना तापाला फक्त पॅरासिटॅमॉल द्यायचं असतं. त्यातही फसवी गोष्ट अशी, की डेंग्यूत धोक्याचा काळ ताप उतरताना सुरू होतो. म्हणजे घरचे निर्धास्त होतात नेमक्या त्या वेळी, जेव्हा लघवी किती होतेय, पोटात दुखतंय का, हिरड्यांतून रक्त येतंय का, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे. योग्य जागी ते जीव वाचवतं. पण ते दाह आणि ताप दाबतं, मूळ जंतुसंसर्ग झाकतं. मधुमेह असेल तर साखर चढवतं. तो ताप क्षयरोगाचा असेल तर निदान पुढे ढकलतं. आणि विषाणूच्या तापाला सेफिक्सिमचा काहीही उपयोग नाही. त्यातून मिळते ती फक्त प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंची पैदास.

औषधाचं नाव, डोस, दिवसातून किती वेळा, हे एका वर्षात शिकवता येतं. हे औषध आत्ता, या माणसाला द्यायचं नाही, हे ओळखायला मात्र कितीतरी पेशंट कोणाच्या तरी देखरेखीखाली बघावे लागतात. आठवड्याच्या दोन दिवसांत ते किती होणार? कायद्यानेही प्रशिक्षणाच्या मर्यादेपलीकडची मुभा दिलेली नाही. ती मर्यादा पेशंटला कळेल अशा रीतीने कुठे लिहिलेली दिसत नाही, ही या कायद्यातली सगळ्यात मोठी उणीव आहे. कोणती औषधं, कोणते आजार, कोणत्या वेळी पेशंट पुढे पाठवायचाच, हे स्पष्ट शब्दांत दवाखान्याच्या भिंतीवर लागलं असतं, तर निम्मा वाद मिटला असता असं माझं मत आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘‘एमबीबीएसवाले तरी काय वेगळं करतात?’’ वर लिहिलेली चिठ्ठी एमबीबीएस डॉक्टरकडूनही मिळते, हे खरं आहे आणि ती तिथेही तितकीच चूक आहे. पण एकाच्या चुकीने दुसऱ्याला परवाना मिळत नाही. उलट, जो कोणी आधुनिक औषध लिहितो त्याची चूक आधुनिक वैद्यकाच्याच मोजपट्टीने मोजली गेली पाहिजे, मग पदवी कोणतीही असो.

आणि अ‍ॅलोपॅथीच्या बाजूलाही ऐकवायला हवं. शहरांतल्या किती खासगी रुग्णालयांत रात्रपाळीचा निवासी डॉक्टर (आरएमओ) बीएचएमएस किंवा बीएएमएस असतो? त्याला कमी पगारात राबवून घ्यायचं, रात्री दोन वाजता त्यानेच अतिदक्षता विभागातली औषधं लिहायची, सकाळी वरिष्ठांनी सही करायची आणि दुपारी त्याच वरिष्ठांनी ‘पेशंटच्या जिवाशी खेळ’ म्हणून घोषणा द्यायच्या, हे चालणार नाही. पेशंटची काळजी खरी असेल तर ती आपल्या रुग्णालयाच्या रात्रपाळीपासून सुरू व्हायला हवी.

‘खेड्यात डॉक्टर नाहीत म्हणून हा कायदा’ हा युक्तिवाद मी सहानुभूतीने ऐकते, कारण गरज खरी आहे. पण सीसीएमपी केल्यावर खेड्यातच बसलं पाहिजे अशी अट या कायद्यात नाही. सीसीएमपी करून पुण्यात, ठाण्यात दवाखाना थाटायला आडकाठी नाही. मग खेड्याच्या नावाने केलेल्या सोयीचा खेड्याला मिळणारा वाटा कोण मोजणार?

राज्याला असा कायदा करताच येत नाही, हाही गैरसमज आहे, आणि राज्याने केला म्हणजे शेवटचा शब्द झाला, हाही. राज्यघटनेत वैद्यकीय व्यवसाय समवर्ती सूचीत आहे. केंद्र आणि राज्य दोघेही कायदा करू शकतात. मात्र दोन्हींत विरोध आला तर साधारणपणे केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. केंद्राच्या २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचं ३४ वं कलम सांगतं, की राज्य किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव नसलेल्याने आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याच कायद्याच्या २०१७ च्या मसुद्यात आयुष डॉक्टरांसाठी ‘ब्रिज कोर्स’ होता. विरोधानंतर २०१८ मध्ये तो काढला गेला आणि ग्रामीण प्राथमिक आरोग्यसेवेसाठी आरोग्य व्यावसायिकांची क्षमता वाढवायची मुभा ५१ व्या कलमात राज्यांना मिळाली. केंद्राने हात झटकलेला प्रश्न असा राज्यांच्या अंगणात आला. सीसीएमपीधारकाचं नाव कोणत्या नोंदवहीत, कोणत्या रकान्यात जातं, यावर एवढं रान का पेटलं, ते यावरून लक्षात येईल. तो रकाना ३४ व्या कलमाच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर त्या डॉक्टरचं भवितव्य ठरतं.

बाकीचे गैरसमज लहान आहेत. आयुर्वेदाच्या डॉक्टरांचा या कायद्याशी संबंध नाही. त्यांचा प्रश्न १९६१ च्या वेगळ्या राज्य कायद्याखाली आणि १९९२ च्या अधिसूचनेत येतो. ‘आयुर्वेदवाले आता सगळी ऑपरेशन्स करतात’ हेही खोटं: नोव्हेंबर २०२० ची ५८ शस्त्रक्रियांची यादी फक्त शल्य आणि शालाक्य या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांसाठी आहे. सीसीएमपीमुळे गर्भपात करण्याचा किंवा गर्भवतीची सोनोग्राफी करण्याचा अधिकार मिळत नाही. त्यांचे कायदे स्वतंत्र आहेत. ‘मेडिकलवाल्याने औषध दिलं म्हणजे चिठ्ठी बरोबर’ असंही नाही. एच-१ यादीतल्या औषधांसाठी तर केमिस्टला डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव नोंदवून ती वही तीन वर्षं जपावी लागते. आणि होमिओपॅथ म्हणजे बोगस डॉक्टर, ही शिवी चूक आहे. आपल्या परिषदेत नोंद असलेला आणि आपल्या पद्धतीने उपचार करणारा होमिओपॅथ पूर्णपणे कायदेशीर आहे.

पेशंटने करायची गोष्ट सोपी आहे. २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठीवर, पावतीवर छापायचा असतो. तो क्रमांक कोणत्या परिषदेचा आहे ते वाचा: महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, होमिओपॅथी परिषद की भारतीय वैद्यक परिषद. नावापुढच्या अक्षरांच्या माळेपेक्षा ही एक ओळ जास्त सांगते. सीसीएमपी लिहिलं असेल तर ‘‘परिषदेत नोंद झालीय का?’’ असं सरळ विचारा. विचारण्यात अपमान नाही.

काही बिनसलंच, तर तक्रार कुठे करायची यातही घोळ असतो. वैद्यकीय परिषद कोणाला तुरुंगात टाकत नाही. ती ताकीद देते, नाव ठरावीक काळासाठी किंवा कायमचं वगळते. नोंदणीच नसलेल्या माणसाविरुद्ध पोलिसांत जायचं, किंवा जिल्हा, तालुका आणि महापालिका पातळीवरच्या बोगस डॉक्टर शोध समितीकडे. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोगाकडे, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. त्याआधी कागद हातात घ्या. दाखल झालेल्या पेशंटचे केसपेपर लेखी मागितले, तर ७२ तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.