यंत्राची पाटी लहान असली म्हणून काय झाले?

सूरजागडच्या पहाडीवरून लोहखनिज भरून निघालेले ट्रक एटापल्ली, आलापल्ली, आष्टीच्या रस्त्याला राहणाऱ्यांना नवे नाहीत. अख्खी पहाडी एका ट्रकात मावत नाही, म्हणून खेपा करतात. (ठाकूरदेवाची ती पहाडी खोदावी की नाही, हा वाद फार मोठा आहे. त्यावर स्वतंत्रच लिहावे लागेल.) आजचा विषय संगणकाचा आहे, पण त्याचे मर्म या खेपेतच आहे.

आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आता इंजिनिअरिंगला, बी.सी.ए.ला, एम.सी.ए.ला आहेत. शेवटच्या वर्षी त्यांपैकी अनेकांचा प्रकल्प यंत्राला भाषा किंवा चित्रे ओळखायला शिकविण्याचा असतो. या शिकवणीला डीप लर्निंग म्हणतात आणि ती चालते ग्राफिक्स कार्डावर. हे कार्ड मुळात व्हिडिओ गेमची चित्रे झरझर काढण्यासाठी बनले. हजारो लहान गणिते ते एकाच वेळी करते. कार्डाला स्वतःची मेमरी असते आणि ती मागाहून वाढविता येत नाही. ती भरली की पडद्यावर 'कूडा आऊट ऑफ मेमरी' अशी अक्षरे येतात आणि काम ठप्प होते. हा कूडा म्हणजे आपल्या रानातला औषधी कुडा नव्हे. कार्डाशी बोलण्याच्या पद्धतीचे ते नाव आहे. घरात मुलगी रात्री दोन वाजता पडद्यासमोर डोक्याला हात लावून बसली असेल, तर बहुधा कारण हेच.

मेमरी भरते कशाने? मॉडेल म्हणजे आकड्यांचा मोठा संच. समजा असे १०० कोटी आकडे आहेत. प्रत्येकाला चार बाइट धरले तर ४ जीबी झाले. प्रत्येक आकडा कोणत्या दिशेने आणि किती चुकला, याची नोंद आणखी ४ जीबी खाते. चूक सुधारण्याची 'ॲडम' नावाची प्रचलित रीत प्रत्येक आकड्यामागे आणखी दोन नोंदी ठेवते, म्हणजे ८ जीबी. एकूण १६. गूगलच्या कोलॅब या सेवेत फुकट मिळणारे टी-४ कार्डही १६ जीबीचेच असते. म्हणजे एकही वाक्य वाचण्याआधी पाटी भरली! ८० जीबीची कार्डे बाजारात आहेत, पण त्यांची किंमत लाखांत आहे. मजुराच्या, कंडक्टरच्या, अंगणवाडी सेविकेच्या मुलाने ती कोठून आणावी?

म्हणून एक गोष्ट आपल्या मुलांना आवर्जून सांगावीशी वाटते. २०१२ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि त्यांचे गुरुजी जेफ्री हिंटन यांनी १२ लाख चित्रांवर एक मॉडेल शिकविले. आजचे युग त्यानंतर सुरू झाले, असे जाणकार मानतात. त्यांच्याजवळ काय होते? गेम खेळण्याची दोन कार्डे, प्रत्येकी फक्त ३ जीबीची. सहा कोटी आकड्यांचे ते मॉडेल एका कार्डात मावेना. तेव्हा त्यांनी त्याचे दोन भाग केले, अर्धे या कार्डावर, अर्धे त्या कार्डावर. पाच-सहा दिवस यंत्र चालले. हिंटन यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या युगाची सुरुवातच मेमरीच्या टंचाईतून झाली, हे आमची मुले विसरतात आणि कॉलेजात चांगली मशीन नाही म्हणून प्रकल्प सोडून देतात.

टंचाईवरचे उपाय गेल्या दहा वर्षांत पुष्कळ निघाले. पहिला उपाय आपल्या बायकांच्या बचत गटातला आहे. गटात दर बैठकीला थोडे थोडे पैसे जमतात आणि बँकेत भरणा एकदाच होतो. तसे यंत्राला एकदम ६४ वाक्ये न देता चार-चार द्यायची, चुकांची बेरीज करत जायचे आणि सोळा खेपा झाल्यावर दुरुस्ती एकदाच करायची. निकाल जवळजवळ तोच येतो. जागा मात्र चारच वाक्यांची लागते.

दुसरा उपाय हिशेबाच्या वह्यांचा. २०१७ साली एनव्हिडिया आणि बायडू या कंपन्यांच्या संशोधकांनी दाखविले, की कच्ची आकडेमोड चारऐवजी दोन बाइटमध्ये केली आणि पक्की वही तेवढी चार बाइटमध्ये ठेवली तरी शिक्षण बिघडत नाही. फक्त फार बारीक आकडे दोन बाइटमध्ये शून्य होऊन जातात. म्हणून ते आधी मोठ्या संख्येने गुणून घ्यायचे आणि नंतर तेवढ्यानेच भागायचे. टी-४ कार्ड अशी आकडेमोड वेगाने करते, त्यामुळे वेळही वाचतो.

तिसरा उपाय जंगलात वावरणाऱ्याला लगेच कळेल. परतीची वाट लक्षात राहावी म्हणून कुणी प्रत्येक झाड पाठ करत नाही. मधूनमधून खूण करतो आणि दोन खुणांमधली वाट पुन्हा चालून आठवतो. मॉडेलला थर असतात. चूक शोधत मागे येताना प्रत्येक थराचे उत्तर लागते. २०१६ साली तियान्ची चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचविले, की शंभर थर असतील तर दहाएकांची उत्तरे जपा, मधली पुन्हा काढा. मेमरी खूप वाचते, पण यंत्राला एक वाट दोनदा चालावी लागते. जागा नसेल तर वेळ द्यावा लागतो, हे एका खोलीत संसार करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

खरा मोठा फरक पडला २०२१ साली. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'लोरा' ही पद्धत मांडली. छापील पुस्तक जसेच्या तसे राहू द्यायचे, फक्त समासात आपली टिपणे लिहायची. मूळ आकड्यांना हात लावायचा नाही आणि शेजारी जोडलेले थोडे आकडे तेवढे शिकवायचे. मग चुकांच्या आणि दुरुस्तीच्या नोंदी त्या थोड्यांच्याच ठेवाव्या लागतात. २०२३ साली टिम डेटमर्स व सहकाऱ्यांनी मूळ पुस्तकही चार बिटांत, म्हणजे अर्ध्या बाइटमध्ये, आवळून ठेवले. ६५०० कोटी आकड्यांच्या ज्या मॉडेलला पूर्वी ७८० जीबीहून अधिक जागा लागे, ते ४८ जीबीच्या एका कार्डावर शिकू लागले. या हिशेबाने ७०० कोटी आकड्यांचे मॉडेल साडेतीन जीबीत बसते. फुकटच्या टी-४वर ते शिकविता येते!

पण माझे मत असे, की मुलांनी ७०० कोटींच्या मागे धावूच नये. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या उपक्रमाने २०२२ साली मराठीसाठी 'महाबर्ट' काढले. रविराज जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली येथे कॉलेजचे विद्यार्थी काम करतात. त्यांनी २ कोटी ४८ लाख मराठी वाक्ये गोळा केली. शून्यापासून मात्र सुरुवात केली नाही. १०४ भाषांवर आधीच शिकलेले गूगलचे मॉडेल घेतले आणि त्यालाच मराठी आणखी वाचायला दिले. हे मॉडेल १८ कोटींच्या आतबाहेरचे आहे. वरच्या हिशेबाने त्याला तीन जीबीच्या आत जागा लागते, बाकी सगळे कार्ड वाक्यांसाठी मोकळे राहते. याच उपक्रमाने पंचवीस हजारांहून अधिक मराठी ट्वीट तपासून द्वेषाची भाषा ओळखणारा संचही तयार केला. ज्यांच्या वाट्याला ती भाषा येते, त्यांना त्याचे मोल कळेल.

आता उरतो आपला मुलूख. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीबोलीत आजी 'पानी' म्हणते, 'डोरा' म्हणते. वर्तमानपत्रांची मराठी वाचलेल्या यंत्राला ते अशुद्ध वाटते किंवा हिंदी वाटते. सूरजागडच्या भोवतालच्या माडिया गोंडांची भाषा तर त्या १०४ भाषांत नव्हतीच. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाख ८४ हजार होते, तरी गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. सीजीनेट स्वर आणि मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधकांनी गोंडीसाठी काम केले. २०२० साली त्यांनी सांगितले, की १२ हजारांच्या आसपास शब्द-वाक्यांचे भाषांतर जमले आणि पुढे मदत करू शकतील असे ६५०हून अधिक लोक सापडले. २०२५ साली आदिवासी कार्य मंत्रालयाच्या 'आदि वाणी'तही गोंडी आली. कोट्यवधी वाक्यांच्या शेजारी बारा हजार ठेवून पाहा. अडचण कार्डाची उरली नाही, वाक्यांची आहे. ती बोलणाऱ्यांच्या संमतीने आणि त्यांच्याच तोंडून गोळा करावी लागतील. बाहेरच्याने अंदाजाने लिहून चालणार नाही.

एखाद्या कॉलेजातील दोन-तीन मुलींनी झाडीबोलीची पाच हजार वाक्ये जरी टंकून काढली, तरी महाबर्टवर लोराची टिपणे चढवायला सुरुवात होऊ शकते. आरंभी एका वेळी चारच वाक्ये द्यावीत. कार्ड रडले नाही तर आठ करावीत. फुकटचे कार्ड फार तर बारा तास मिळते आणि मध्येच काढूनही घेतात. पावसाळ्यात वीज जाते, जोडणी तुटते. म्हणून दर अर्ध्या तासाने झालेले शिक्षण ड्राइव्हवर साठवून ठेवावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे सुरू करता येते.