मांडवीकाठी हुराकाची वेळ

गोव्यातल्या आमोण्याला जायचे तर एप्रिलात जावे आणि ऊन उतरल्यावर जावे. फोंडा तालुक्यातल्या खांडोळ्याकडून पुलावर आलो की मांडवी दोन्ही हातांना पसरलेली दिसते. पूल उतरला की डिचोली तालुका लागतो. इथल्या रस्त्यांना या दिवसांत पिकलेल्या काजूच्या बोंडूंचा आंबटगोड, जरासा उग्र वास असतो. नवख्याला तो पहिल्यांदा सोसत नाही. दुसऱ्या वर्षी मात्र त्याच वासाची वाट पाहिली जाते, निदान माझे तरी तसे झाले.

संगीतप्रेमींना या गावाचे नाव आमोणकर या आडनावातून ओळखीचे असते. खाणींच्या काळात ते बार्जींमुळेही माहीत होते. लोहखनिज भरलेल्या बार्जी मांडवीतून मुरगावकडे जात, आणि नदीकाठच्या गावांचा दिवस त्यांच्या घरघराटात उगवे नि मावळे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा पात्र एकाएकी मोकळे झाले. कितीतरी घरांचा पगारही तेव्हाच थांबला. म्हणून नदीच्या शांततेचे कौतुक मी इथे जपून करतो.

गावाचा देव बेताळ. रात्री तो सीमेवरून फिरतो आणि गाव राखतो अशी श्रद्धा आहे. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून गोव्यात बेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात. राखणदाराचे कष्ट ओळखून त्याला जोडे देणारी ही भक्ती मला फार जवळची वाटते.

बेताळाची आठवण मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर बसलो असतानाही झाली होती. तिथल्या झावळ्यांच्या छपरांत, बांबूच्या खुर्च्यांत आणि फळांच्या रसातल्या रममध्ये अमेरिकेतल्या टिकी बारची ढब सहज ओळखू येते. १९३३ साली हॉलिवूडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ने ती सुरू केली. पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये व्हिक्टर बर्जरॉनने आपले दुकान थाटले, आणि १९४४ मध्ये ‘माई ताई’ हे पेय आपणच बनवले असे तो सांगे. टिकी म्हणजे पॉलिनेशियातली कोरीव पूर्वजमूर्ती. तिथे ती पूज्य, बारमध्ये मात्र ती पेल्याचा आकार झाली. दूरच्या बेटाची हौस मी समजू शकतो, पण कुणाचा तरी राखणदार हातात धरून पिणे मला जमत नाही. आमोण्यातल्या संध्याकाळी बेताळ आपल्या देवळात असतो आणि पेला साध्या काचेचा असतो.

त्या पेल्यात हुराक असतो. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले, म्हणजे तेही परदेशीच. पण इथल्या डोंगरांनी ते इतके आपले केले की आता उन्हाळ्याचे सारे वेळापत्रक त्याच्या हाती आहे. बोंडू झाडावरून तोडत नाहीत, आपसूक गळलेलेच वेचतात. बी पिरगळून वेगळी केली की ते कोळमीत, म्हणजे दगडी हौदात, पायांनी तुडवतात. उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने आवळून त्यावर दगड ठेवला की रात्रभर निथळतो तो निरो. हा रस कोवळा असतो, मुलेही पितात. तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबू देतात आणि मग तो भाणात, तांब्याच्या भांड्यात, चढवतात. जुन्या पद्धतीच्या भाटीवर भाणाचे तोंड वारुळाच्या मातीने लिंपत. सातेरी देवीला वारुळाच्या रूपात पुजणाऱ्या या मुलखात ती माती भाटीवरही कामाला येते. पहिल्या वाफेचा तो हुराक, साधारण पंधरा टक्के मद्यार्काचा. त्यात पुन्हा आंबवलेला रस मिसळून उकळले की फेणी होते, चाळीसच्या वर जाणारी. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. फेणी वर्षानुवर्षे टिकते. हुराक टिकत नाही, तो त्या हंगामातच संपवायचा.

पिण्याचे ठिकाण म्हणजे तावेर्न: चार टेबले, एक पंखा, कपाटात बाटल्या. मालक दुरूनच विचारतो, “मिरची घालूं मरे?” घाला म्हणायचे. चिरलेली हिरवी मिरची, मीठ, लिंबू, बर्फ, वर लिमका. पहिल्या घोटाला फळाचा वास, मग तिखटाची चुणूक, मग घशात गारवा. माझ्या लेखी यापुढे कुठलेही रंगीत पेय फिके आहे.

सोबत खायला रव्यात तळलेली सुंगटां, म्हणजे कोळंबी, मिळाला तर नदीतला शेवटो मासा, आणि सुक्या सुंगटाची किसमूर. भाजलेल्या सुंगटांत ओले खोबरे, कांदा आणि आंबटपणाला चिंच किंवा आमसूल. ती कुरकुरीत आहे तोवरच खावी, गप्पांत विसरली तर लिबलिबीत होते. मासळीची आस असेल तर सोमवार टाळावा, त्या दिवशी बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत. तेव्हा नीरफणसाची कापे मागावीत. मला तर ती मासळीपेक्षा कणभर अधिक आवडतात.

हुराक गोड लागतो आणि उशिरा चढतो, त्यामुळे दोनवर थांबावे. गाडी न पिणाऱ्याच्या हाती द्यावी, पुलाच्या दोन्ही टोकांचे रस्ते वळणांचे आहेत.

शेजारच्या टेबलावरची माणसे यंदा कुठल्या डोंगरावर मोहोर जळला, कुणाच्या भाटीचा हुराक चांगला उतरला, यावर बोलत असतात. पहिल्या पावसानंतर खाली पडलेले बोंडू कुजतात आणि भाट्या विझतात. मालकाने उरलेल्या बाटल्या मोजल्या आणि मला म्हणाला, पुढच्या आठवड्यात आलात तर मिळेल, त्यानंतरचे सांगू शकत नाही.