तांब्याच्या पत्र्यावरील प्रतिष्ठा

छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला. त्यानंतर अर्ध्या शतकाने, १७२४ ते १७२६ या काळात, फ्रांस्वा व्हॅलेंटाइन या डच धर्मोपदेशकाचा पूर्वेकडील देशांविषयीचा पाच खंडांचा ग्रंथ हॉलंडमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोगल बादशहांच्या कोरीव चित्रांबरोबर शिवाजी महाराजांचेही चित्र छापले गेले. बादशहांच्या पंक्तीत मिळालेल्या या स्थानाचा अर्थ युरोपीय वाचकाला वेगळा सांगावा लागत नसे.

तेथे तैलचित्र एका महालात टांगले जाई. कोरीव चित्र मात्र पत्रासोबत, ग्रंथासोबत दूरवर पोहोचे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर कोरणीने रेषा खोदत, त्यांत शाई भरत आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढत. मूळ चित्र उलटे कोरावे लागे, अन्यथा छापात उजवा हात डावा होई. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५१९ मध्ये ब्रांडेनबुर्गचे कार्डिनल आल्ब्रेख्त यांचे असे चित्र कोरून पत्रा व २०० प्रती त्यांना दिल्या. मोबदल्यात २०० सुवर्णमुद्रा आणि अंगरख्यासाठी किमती कापड मिळाले. प्रती वाटण्यासाठीच होत्या.

पुढे १७ व्या शतकात अँटवर्पच्या व्हॅन डाइकने आपल्या चित्रमालिकेत राजे व सेनापतींसोबत विद्वान आणि चित्रकारांनाही स्थान दिले. कारागीर समजला जाणारा चित्रकार त्यामुळे सरदारांच्या शेजारी बसला. प्रतिष्ठा चेहऱ्यापेक्षा चौकटीत, पोशाखात आणि खालच्या बिरुदावलीत असे. पिएर लोंबार या कोरक्याने तर घोडेस्वाराच्या एकाच पत्र्यावरील शिर खरवडून वेळोवेळी नवे कोरले. क्रॉमवेल आणि ज्याचा शिरच्छेद झाला तो राजा पहिला चार्ल्स, दोघेही त्याच घोड्यावर बसले!

शिवाजी महाराजांच्या चित्रांचा आधार दख्खनी लघुचित्रे होती. डच व्यापाऱ्यांमार्फत अशी चित्रे युरोपात गेली. आम्सटरडॅमचे महापौर निकोलास विट्सेन यांच्या संग्रहातील एक चित्र आज तेथील राइक्स संग्रहालयात आहे.

महाराष्ट्रात मात्र नाव एकाचे व चेहरा दुसऱ्याचा, असा प्रकार बराच काळ चालला. इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून छापले जाई. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून मिळालेले चित्र १९३३ मध्ये पुण्यात प्रसिद्धीस आणले, तेव्हा ही चूक सुधारली.