पॅकिंगचा दोष नसतो

सकाळी थंड इंजिन सुरू केलं की बॉनेटखालून टिकटिक येते आणि गाडी तापली की ती बंद होते. जुन्या गाड्यांचे मालक यावर खूश होतात. आपोआप गेलं, म्हणतात. प्रत्यक्षात लोखंड तापून फुगलेलं असतं आणि फट तेवढ्यापुरती बुजलेली असते. म्हणून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या गॅरेजमध्ये मी हे काम पाहत बसलो, तिथल्या मिस्त्रींची अट असते की गाडी आदल्या संध्याकाळीच आणून लावायची. चालवत आणलेल्या गरम गाडीच्या सायलेन्सरची तक्रार ते ऐकून घेतात, पण बॉनेट उघडत नाहीत.

गाडी होती अँबॅसिडर, मार्क थ्री. तिचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं ‘बी-सिरीज’. हेच इंजिन 1955 साली आलेल्या एमजीए या दोन आसनी स्पोर्ट्‌स कारलाही होतं, तिथे दोन एसयू कार्ब्युरेटर लावून. ही सोयरीक कळली की अँबॅसिडरवाल्याला स्वस्थ बसवत नाही. या गाडीचे मालक निवृत्त प्राध्यापक. त्यांनी विलायतेहून दोन एसयूचं अ‍ॅल्युमिनियम इनलेट मागवलं आणि मूळ बिडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डऐवजी दुसऱ्या शहरातल्या एका फॅब्रिकेटरकडून तीन नळ्यांचा नवा मॅनिफोल्ड बनवून घेतला. गाडी चांगली पळू लागली आणि टिकटिकू लागली. दोनदा पॅकिंग बदलून झालं होतं. (गॅस्केट हा शब्द बिलावर असतो, गॅरेजमध्ये पॅकिंगच.)

चार सिलिंडर आणि नळ्या तीन, हे नवख्याला खटकतं. बी-सिरीजच्या हेडमध्ये एक आणि चार नंबरच्या सिलिंडरला धूर बाहेर टाकायला स्वतंत्र भोक आहे, तर दोन आणि तीन मिळून मधलं एकच भोक वापरतात. या तीन भोकांच्या मध्ये इनलेटची दोन. म्हणजे आत जाणारी हवा आणि बाहेर पडणारा धूर इंजिनाच्या एकाच अंगाला, एका रांगेत, एकाच पॅकिंगवर. आमच्या मिस्त्रींचं जवळजवळ सगळं निदान या रांगेवरूनच झालं.

आधी टिकटिक टॅपेटची आहे की धुराची, हे ठरवायचं. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढायची, तिचं टोक अर्थला लावायचं आणि पुन्हा चालू करायचं. त्या सिलिंडरमध्ये स्फोट होत नसल्यामुळे त्याच्या धुराला जोर राहत नाही. एक नंबरची वायर काढल्यावर टिकटिक तशीच राहिली. चारचीही काढून पाहिली, तशीच. दोनची काढली तेव्हा मात्र ती निम्मी झाली, तीनची काढल्यावरही निम्मीच. हा मधल्या भोकाचा दाखला. या इंजिनात ठिणगीचा क्रम 1-3-4-2 असा असल्याने मधल्या नळीत तीन आणि दोनचे धक्के आलटूनपालटून, सारख्या अंतराने येतात. एकाला गप्प केलं तरी दुसरा वाजतोच.

“टॅपेट असता तर वायर काढल्यावरबी तसाच वाजला असता, सर,” मिस्त्री म्हणाले. सरांनी हे वहीत लिहून घेतलं.

मग जागा पक्की करायची. धुरासाठी उदबत्ती फिरवणारे मिस्त्री मी पाहिले आहेत, पण इथे कार्ब्युरेटर बरोबर मॅनिफोल्डच्या डोक्यावर आहेत आणि पेट्रोलशेजारी निखारा नेण्याची हौस कुणाला नव्हती. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरच्या शेपटाला चिंध्या गुंडाळून बसवली, आणि थंड इंजिनाच्या एकेका सांध्यावर साबणाचं पाणी सोडलं. मधल्या फ्लँजच्या खालच्या कडेला फेस आला. अपेक्षेप्रमाणेच. पण नळ्या जिथे एकत्र येतात त्या वेल्डच्या काखेतही बारीक बुडबुडे धरले, आणि खालच्या सरकत्या सांध्यात तर भरभरून. कानाला एकच गळती ऐकू येत होती, होत्या तीन.

गळती म्हणजे नुसता आवाज नव्हे. धूर धक्क्याधक्क्याने जातो आणि दोन धक्क्यांच्या मध्ये नळीत क्षणभर दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. तेवढ्यात फटीतून ताजी हवा आत ओढली जाते. उतारावर पाय काढला की न जळलेलं पेट्रोल त्या हवेशी मिळून सायलेन्सरात फटाके फुटतात. पीयूसीच्या नळीपर्यंत पोचणाऱ्या धुरातही ही हवा मिसळलेली असते, त्यामुळे आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो आणि मालक निर्धास्त होतो. शिवाय अँबॅसिडरच्या पत्र्यात पायाखाली, पेडलजवळ रबरी बूच सुटलेली भोकं असतातच. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. काचा लावून घाट चढणाऱ्याने एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मॅनिफोल्ड उतरवला तेव्हा पॅकिंगने सगळी हकिगत सांगितली. वरच्या अर्ध्या भागावर दाबाचा स्वच्छ ठसा, खालचा अर्धा काजळीने काळाकुट्ट. पॅकिंगचा दोष नव्हता. त्याला कुणी दाबलंच नव्हतं. मिस्त्रींनी फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरली आणि खालून फीलर गेजची पानं सरकवली. दोन्ही टोकांना पान जाईना, मध्ये मात्र जाड पान आरामात गेलं. वेल्डिंग करताना पट्टी मोकळी ठेवली की हे होणारच. वितळलेला धातू थंड होताना आक्रसतो आणि पट्टीला आपल्या बाजूला ओढतो. जाणता फॅब्रिकेटर फ्लँज आधी एखाद्या भंगार हेडवर किंवा जाड प्लेटवर बोल्टने आवळतो, एकेक टाका आळीपाळीने मारतो आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय सोडत नाही. इतकं करूनही शेवटी तोंड मशिनवर घेतोच.

उद्यमनगरात याची अडचण नाही. चार गाळे पलीकडे सरफेस ग्राइंडर होता. पण पाठवण्याआधी मिस्त्रींनी करवतीने फ्लँजची पट्टी दोन ठिकाणी कापून तिचे तीन तुकडे केले. सरांचा जीव वरखाली झाला. कारण मात्र सरळ आहे. अर्ध्या मीटरची पट्टी धरली आणि ती तीनशे अंशांनी तापली, तर साधं पोलाद साधारण पावणेदोन मिलीमीटर लांब होतं, 304 जातीचं स्टेनलेस अडीचपर्यंत जातं. आणि बिडाचं हेड? त्याच्या पोटात पाणी खेळत असतं, ते एवढं तापतच नाही. अखंड पट्टी दर फेरीला स्टडांना ढकलते, नट ढिले करते, पॅकिंग रगडते. तुकडे केले की प्रत्येक नळी आपापल्या जागी फुगते.

घासून आल्यावर व्हर्निअर निघाला. माझ्या मते या कामाचं खरं मर्म इथे आहे, आणि पॅकिंग बदलणाऱ्या आधीच्या दोघांनी नेमकं हेच पाहिलं नव्हतं. या इंजिनात एक जाड, मोठा वॉशर एकाच वेळी इनलेटचा कान आणि एक्झॉस्टची फ्लँज दोन्ही दाबतो. दोघांची जाडी सारखी असेल तरच. इथे एक्झॉस्टची पट्टी आधीच थोडी पातळ होती, घासल्यावर आणखी पातळ झाली. फरक अर्ध्या मिलीमीटरच्या घरात. वॉशर इनलेटवर टेकून बसत होता आणि एक्झॉस्टवर नुसता तरंगत होता. नट कितीही आवळा, दाब इनलेटलाच. उलट परिस्थितीत इनलेट हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, गाडी मिसिंग मारते आणि सगळे कार्ब्युरेटरच्या मागे लागतात.

उपाय दोन. इनलेटचे कान मिलिंगवर उतरवायचे, किंवा वॉशरलाच पायरी काढायची. विलायती इनलेटला हात लावायला सर तयार नव्हते, तेव्हा जाड पोलादी वॉशर नव्याने कापून त्यांच्या अर्ध्या अंगाला पायरी घेतली. असा वॉशर फिरला की संपलं, म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर छिन्नीने बाणाची खूण. नट पितळेचे घातले; पितळ पोलादी स्टडवर गंजून जाम होत नाही, पुढच्या वेळी स्टड तुटत नाही.

सिलिकॉनची ट्यूब कुणीतरी पुढे केली होती. लाल-तांबड्या सिलिकॉनवर तापमानाचे मोठे आकडे छापलेले असतात, पण हेडच्या तोंडाशी धुराची उष्णता त्यापलीकडे जाते. ते जळून भुगा होतं आणि मागे नवी फट ठेवतं. दोन पॅकिंगं एकावर एक, हाही तसलाच तोडगा. एक्झॉस्टची सिमेंटसारखी पेस्ट तेवढी कामाची, तीही खालच्या सरकत्या सांध्यात. जुन्या डब्यात अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा सापडला तो मिस्त्रींनी न कापता बाजूला ठेवला. त्याची धूळ छातीत जाते, हे आता त्यांच्या पिढीलाही ठाऊक आहे.

उरली वेल्डची काख. तिथे नुसता टाका मारून भागलं असतं, पण तडा गेला का, हा प्रश्न होता. मिस्त्रींनी मॅनिफोल्ड हेडवर बसवला आणि खालच्या पाइपचे बोल्ट काढले. पाइप टणकन दोन बोटं बाजूला सरकला. म्हणजे इतके दिवस तो ओढून, वाकवून जोडलेला होता. शिवाय मागे शासीला पक्का आवळलेला. इंजिन रबरी माउंटिंगवर डुलतं, शासी डुलत नाही. दोघांमधला सगळा ताण त्या काखेत. “पाइप आपणहून भोकावर यायला पायजे. बोल्ट बोटानं जायला पायजे. ओढून आणला की कुठंतरी फुटणारच,” एवढं बोलून ते बेंड कापायला बसले.

पाइप कापून, फिरवून पुन्हा जोडला. गिअरबॉक्सला आधाराची एक पट्टी दिली, म्हणजे पुढचा पाइप इंजिनाबरोबरच हलेल. त्यामागे जाळीचा फ्लेक्स, त्यामागे रबराची टांगणी. सगळे सांधे आधी ढिले लावले, मग हेडकडून शेपटाकडे एकेक आवळत गेले. मॅनिफोल्डचे नट मधून बाहेर, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत. जोर लावायचा नाही. पान्याची लांबी मनगटाला फसवते.

इंजिन चालू केलं तेव्हा नव्या पॅकिंगचा आणि तेलाचा धूर निघाला, तो निघतोच. सर गाडी घेऊन लगेच पन्हाळ्याला निघाले होते. मिस्त्रींनी किल्ली ठेवून घेतली. आधी एकदा पुरती तापू दे, रात्रभर थंड होऊ दे, मग नट पुन्हा बघायचे, कारण पहिल्या तापण्यात पॅकिंग बसतं आणि आवळलेले नट सैल निघतात. सकाळी मधल्या भोकाजवळचे दोन निघालेच, पाव-पाव फेरी. त्यातला खालचा तर दिसतही नाही; कार्ब्युरेटरखालून हात घालून, बोटांनीच शोधावा लागतो.