बॅटरीची उरलेली वर्षं

भोकरहून नांदेडला जाऊन परत यायचं तर शंभरेक किलोमीटर होतात. दवाखाना, कोर्ट, मोंढा, मुलांचं कॉलेज अशी कामं निघतच राहतात. म्हणून जुन्या इलेक्ट्रिक गाडीची चौकशी आता तालुक्याच्या गावीही होते, आणि पहिला प्रश्न एकच असतो: बॅटरी गेली तर?

या प्रश्नाला चांगली पंचवीस वर्षं झाली. 2001 मध्ये बंगळुरूची रेवा ही इलेक्ट्रिक गाडी आली, ती शिशाच्या बॅटऱ्यांवर. त्या काही वर्षांतच बदलाव्या लागत. पुढे 2010 मध्ये महिंद्रानं रेवा बनवणारी कंपनी घेतली आणि 2013 मध्ये लिथियम बॅटरीची ई-टू-ओ आणली. पण आपल्या भागात चर्चा सुरू झाली ती जानेवारी 2020 पासून. पुण्याजवळच्या रांजणगावात बनणारी नेक्सॉन ईव्ही सुमारे 14 लाखांपासून बाजारात आली. बॅटरी 30.2 किलोवॅट-तासांची, वॉरंटी 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर. सप्टेंबर 2022 मध्ये टियागो ईव्ही साडेआठ लाखांच्या आत आली आणि नवी गाडीच आवाक्यात दिसू लागली. साहजिकच जुन्यांचे भाव दबले.

बॅटरीही स्वस्त होत गेली. 2010 च्या सुमारास जगात एका किलोवॅट-तासामागे हजार डॉलरच्या वर पडत, 2024 मध्ये सरासरी 115. या दरानं पहिल्या नेक्सॉनएवढी बॅटरी तीन लाखांच्या आसपास बसते. ही मात्र कारखान्याची किंमत. कर, मजुरी आणि विक्रेत्याचा नफा धरला की ग्राहकाचं बिल बरंच वर जातं. जुन्या गाडीच्या भावापुढे तो आकडा छातीत धडकी भरवतो. बिघाड बॅटरीच्या एखाद्या भागापुरता (मॉड्यूलपुरता) असेल तर तेवढंच बदलता येतं, पण त्यासाठी हाताशी जाणकार मिस्त्री हवा. तालुक्याच्या गावी खरी अडचण तिथंच आहे. शिवाय मराठवाड्यातला उन्हाळा लिथियमला मानवत नाही.

अलीकडे नव्या गाड्यांना आयुष्यभराची वॉरंटी मिळू लागली, पण ती पहिल्या मालकापुरती. गाडी नावावर झाली की अटी बदलतात. डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेनं डीलरनं विकलेल्या जुन्या इलेक्ट्रिक गाडीच्या नफ्यावर 18 टक्के कर ठरवला; दोन व्यक्तींमधल्या व्यवहाराला तो नाही.

2020 च्या पहिल्या गाड्यांची वॉरंटी 2028 मध्ये संपेल. म्हणून सौदा करताना किलोमीटरच्या आकड्याबरोबर आरसीवरची नोंदणीची तारीख पाहा, वॉरंटी आपल्या नावावर येते का ते लेखी घ्या, आणि बॅटरीची क्षमता किती टक्के उरली याचा सर्व्हिस सेंटरचा अहवाल हाती आल्याशिवाय बयाणा देऊ नका.