गाठोड्याला हात लावू नका

बेघर म्हाताऱ्या बायकांसाठी काम करतो असं कळलं की लोक साड्या आणि ब्लँकेटं आणून देतात. साड्यांनी आमचं कपाट भरलेलं आहे. एका आजीसोबत तहसील कचेरीच्या बाकावर दिवसभर बसेल असं माणूस मात्र सहज मिळत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत खरं काम त्या बाकावरच चालतं, आणि तिथले किस्से सत्काराच्या व्यासपीठावर कुणी सांगत नाही.

नव्या कार्यकर्त्याला आम्ही पहिली गोष्ट सांगतो ती गाठोड्याची. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या बल्लारशाला थांबतात. तिथे कुणी स्वतःहून उतरतं, तर कुणाला आपण कोणत्या गाडीत बसलो होतो तेही सांगता येत नाही. एका उत्साही पोराने ‘आणा आजी, मी धरतो’ म्हणत एकीच्या गाठोड्याला हात घातला. आजी जी उठली, ती थेट स्टेशनच्या पुलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. त्या दिवशी ती कुणाशी बोललीच नाही. आठवड्याने तिने आपल्याच हाताने गाठ सोडली, तेव्हा आतून साबणाची अर्धी वडी, एक लोटी आणि घड्यांवर फाटलेलं रेशनकार्ड निघालं. पुढचे सगळे अर्ज त्या फाटक्या कार्डावर उभे राहिले. ओढून घेतलं असतं तर तिने ते कधीच दाखवलं नसतं.

‘मले कोनी नाही जी,’ हे वाक्य जवळपास प्रत्येक आजीच्या तोंडी असतं. महिनाभराने तीच आजी पोराचा मोबाइल नंबर तोंडपाठ म्हणून दाखवते. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणात पोटगी मागता येते. म्हाताऱ्या आईबापाला सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हे एका आजीला समजावून सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, ‘माह्या पोराले जेलात टाकते का?’ त्यानंतर पोराचा विषय बंद. कायदा तिच्या बाजूने होता, पण ती पोराच्या बाजूने होती.

म्हणून आम्ही घर कुठे, पोरगा कुठे, असं विचारतच नाही. विचारतो ते बाजाराचं: ‘तुमच्याकडचा बाजार कोणत्या वारी भरते जी? तिथं जाताना नदी लागते का?’ बाजाराचा वार म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यातून सहसा पुसला जात नाही. वार कळला, नदी कळली, भात खायची सवय की भाकरीची हे कळलं, की अर्धा नकाशा हाती येतो. चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा भरते. मराठवाड्यातून, तेलंगणातून माणसं येतात. यात्रा पांगल्यावर झरपटच्या काठी मागे राहिलेली आजी नांदेडकडची की गोदावरीपलीकडची, हे तिच्या बोलण्यावरून नि तिच्या बाजारावरून काढावं लागतं. सिरोंच्याच्या बाजूची असेल तर तेलुगू येणारं माणूस शोधायचं, भामरागडची असेल तर माडिया येणारं.

गाव सापडलं तरी तिला तिथे पोचवता येईलच असं नाही. जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात ऑगस्ट २०२१मध्ये भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या बायाबापड्यांना भर चौकात खांबांना बांधून मारलं होतं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३पासून आहे. गुन्हा दाखल होतो, अटकही होते; पण त्यानंतर त्याच गल्लीत तिने विहिरीवर पाणी भरायला कसं जायचं, याचं कलम कायद्यात नाही. अशा बाईचं घर कागदावर शाबूत असतं, म्हणून बेघरांच्या यादीत तिचं नाव येत नाही.

शहरी बेघरांसाठीच्या निवाऱ्याच्या योजनेतली गोमही अशीच. लाख शहरी लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा, असं तिचं माप. गडचिरोली जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत शहरी माणसं शंभरात अकरा. उरलेल्या एकोणनव्वदांतली म्हातारी एसटी स्टँडवर, देवळाच्या ओसरीत नाहीतर कुणाच्या गोठ्यात असते.

आता अंगठ्याचा किस्सा. श्रावणबाळ योजनेत पासष्टीच्या पुढच्या निराधाराला महिन्याला १५०० रुपये मिळतात. वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य हवं. जन्माचा दाखला कुणाकडेच नसतो, तेव्हा ग्रामीण रुग्णालयातून वयाचा दाखला काढावा लागतो. एवढं जुळवून आणलं, आणि मशिनवर आजीचा अंगठा उमटेना. जन्मभर रोवणी केली, तेंदूची पुडकी बांधली, त्यात रेषा झिजून गेल्या होत्या. ऑपरेटर पोरगा म्हणाला, ‘आजी, हात धुऊन या.’ आजी तडकली: ‘धुतला म्हनूनच घासला ना बाप्पा!’ सगळी खोली हसली, पण काम अडलं ते अडलंच. डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवता येते, आणि बोटंच नसतील तर आधारमध्ये अपवादाची तरतूद आहे. ती तरतूद खिडकीतल्या माणसाला माहीत असेलच असं नाही. ती मोठ्याने सांगायला सोबत कुणीतरी लागतं. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला असतोच. म्हणजे ती जिवंत आहे हे सांगायलाही पुन्हा सोबत.

बोटं नसलेल्या माणसांच्या म्हातारपणाचा विचार याच मुलखात फार आधी झाला होता. १९४९मध्ये बाबा आणि साधनाताई आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारायला घेतलं. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, ही सुरुवात सगळ्यांना पाठ आहे. त्यामागचा पेच कमी जणांना माहीत असतो. आनंदवनात कुष्ठमुक्तांची लग्नं लागत, पण सुरुवातीच्या काळात पुरुषाची नसबंदी ही अट असे. मग मूलबाळ नसलेल्या या जोडप्यांना उतारवयात बघणार कोण? त्यातून सुखसदनासारखी घरं झाली. तिथे एक म्हातारं आणि एक तरुण जोडपं एकत्र राहून एकमेकांना आईवडील आणि मुलं मानतं. अगदी थकलेल्यांसाठी स्नेहसावली झाली. बाहेर मात्र नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग झाला, हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात थेट २०१९पर्यंत होतं. अशी टाकलेली बाई आनंदवनात कुणाची तरी सासू झाली, आजी झाली आणि हक्काने भांडू लागली.

हे भांडण फार मोलाचं असतं. निवाऱ्यात आलेली बाई पहिले काही दिवस द्याल ते निमूट खाते. एके दिवशी ती स्वयंपाकघरात शिरते आणि भात गिचका झाला म्हणून सगळ्यांना धारेवर धरते. स्वयंपाकीणबाई रुसते. आम्ही मात्र त्याच दिवशी आजीच्या हाती तांदळाचं सूप देतो आणि निवडायला बसवतो. सकाळी तिची वाट बघणारं काम असलं की तिचं उठणं-बसणं बदलतं. औषधाची वेळही तीच आपल्याला सांगू लागते.

देणगीदारांपुढे अंदाजपत्रक मांडताना गाद्या, भांडी, पगार, किराणा असे रकाने असतात. तहसीलला जाण्याचं रिक्षाभाडं, झेरॉक्स, दुपारचा चहा-भजी आणि सोबत गेलेल्या बाईची बुडालेली मजुरी यांना रकाना नसतो. तो रकाना आम्ही आता सगळ्यात वर लिहितो. त्यावर कुणी भुवया उंचावल्या तर त्यालाच एका आजीसोबत कचेरीत पाठवतो. परतल्यावर तो साड्यांचं नाव काढत नाही. पुढची तारीख कोणती आहे, ते विचारतो.